पडलेल्या खोडांवरच्या लाकडी अळंब्या कशा ओळखायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिले दोन-तीन पाऊस झाले की फोनवर फोटो यायला लागतात. ट्रेकवरून, काजूच्या बागेतून, सोसायटीच्या पार्किंगमधून. दहांतले नऊ फोटो वरून काढलेले असतात आणि खाली एकच ओळ असते: "हे काय आहे?" तीच तीच उत्तरं अंगठ्याने टाइप करून कंटाळलो, म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्न बहुतेक सह्याद्री आणि कोकणातून येतात, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच आहेत.

१. पडलेल्या झाडाला फळीसारखं कडक काहीतरी फुटलंय. ही झाडाची गाठ आहे की बुरशी?

उलटं करून किंवा वाकून खालून पाहा. बारीक छिद्रांची चाळण दिसली तर बुरशी. गाठीवर वरखाली सगळीकडे सालच असते. खरी बुरशी लाकडाच्या आत असते. तंतूंचं ते जाळं महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, आतलं लाकूड पचवत बसलेलं असतं. बाहेर दिसते ती फळी फक्त बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, पसरवण्यापुरती. आंबा काढला म्हणून आंब्याचं झाड मरत नाही, तसंच ही फळी तोडली म्हणून बुरशी जात नाही. (उभ्या झाडावर असेल तर प्रश्न १८ आधी वाचा.)

२. मराठीत हिला नेमकं काय म्हणतात?

अळंबी, आळंबं, भूछत्र, कुत्र्याची छत्री हे सगळे शब्द प्रामुख्याने मऊ, छत्रीच्या आकाराच्या जातींसाठी वापरले जातात. खोडावरच्या कडक फळ्यांना सगळीकडे चालेल असा एक शब्द माझ्या कानावर आलेला नाही. मी "लाकडी अळंबी" म्हणतो. फणसावरच्या जातीला मात्र स्वतःचं जुनं नाव आहे, त्याबद्दल प्रश्न १३ मध्ये.

३. ओळखायला सुरुवात कुठून करायची?

तळापासून. वरची बाजू ऊन, पाऊस, शेवाळ आणि वय यांनी बदलत राहते. खालची बाजू त्या मानाने टिकून असते. तिथे पाचांपैकी काहीतरी एक सापडतं: टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रं, पोळ्यासारखे मोठे षटकोनी कप्पे, चक्रव्यूहासारख्या वाकड्यातिकड्या भिंती, छत्रीवाल्या अळंबीखाली असतात तशा पात्या, किंवा चक्क काहीच नाही, गुळगुळीत चामडं. एवढं एक बघितलं की निम्मे पर्याय गळतात.

पुढची पायरी छिद्रं मोजायची. शाळेची पारदर्शक पट्टी तळावर टेकवा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा आणि एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते पाहा. सुरुवातीला चुकतं. तीन ठिकाणी मोजून मधला आकडा घ्या. (पुढे येणाऱ्या जातींची ओळख प्रश्न ६ मध्ये आहे.) गॅनोडर्मात साधारण चार ते सहा येतात. मायक्रोपोरस झँथोपसमध्ये आठ-दहा येतात, म्हणून भिंगाशिवाय तिचा तळ कोऱ्या कागदासारखा दिसतो. हेक्सागोनिया एपिएरियाचा एकेक कप्पा उलट काही मिलिमीटर रुंद असतो, तिथे पट्टीची गरजही पडत नाही.

त्यानंतर बघायचं ते मांस, म्हणजे फळी मोडल्यावर आत दिसणारा भाग. पांढरं, बदामी, तपकिरी की गंजासारखं? आणि मग लाकूड (प्रश्न १२).

४. तुम्हाला फोटो पाठवायचे तर कसे काढू?

चार फोटो हवेत: वरून, खालून, मोडलेल्या कडेचा, आणि थोडं लांबून सगळ्या खोडाचा. एका फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. खालून काढायला फळी उपटायची गरज नाही. खिशात मावणारा छोटा आरसा खाली धरा आणि आरशातला फोटो काढा. जमीन ओली असते, गुडघे भिजतात, पण वरून काढलेल्या शंभर सुंदर फोटोंपेक्षा तो एक धूसर फोटो जास्त कामाचा.

५. रंगावरून ओळखता येत नाही का?

फार थोड्या जाती येतात. एकच फळी सकाळी भिजलेली असताना गडद तपकिरी आणि दुपारी वाळल्यावर राखाडी दिसते. जुन्या फळ्यांवरचा हिरवा रंग तर त्यांचा नसतोच, ते वर वाढलेलं शेवाळ असतं. रंगावर भरवसा ठेवता येईल अशी एक म्हणजे पिक्नोपोरस, वरून-खालून-आतून शेंदरी. हा रंग सिनाबारिन नावाच्या द्रव्याचा. पण तीही उन्हात पडली की वरून फिकी होत जवळजवळ पांढरी होते, तळ मात्र नारिंगी राहतो. म्हणजे पुन्हा तळच बघायचा.

६. सह्याद्रीच्या जंगलात साधारण कोणकोणत्या दिसतात?

पूर्ण यादी देत नाही, ती देणं एका पानाचं काम नाही. पावसाळ्यात तासभर फिरलात तर ज्यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता जास्त आहे, त्यांच्याबद्दल सांगतो.

पिक्नोपोरस सँग्विनियस, वर सांगितलेली शेंदरी. पातळ, अर्धगोल, उन्हात पडलेल्या फांद्यांवर हमखास. जंगलातच असं नाही, गावातल्या जळणाच्या मोळीवरही दिसते.

मायक्रोपोरस झँथोपस हिला देठ असतो, म्हणून लोक हिला फळी मानत नाहीत. आकार नरसाळ्याचा, वर तपकिरी रंगाची गुळगुळीत वर्तुळं, खाली पिवळट देठ आणि तो जिथे फांदीला चिकटतो तिथे छोटीशी गोल चकती, मेणबत्ती चिकटवावी तशी. पावसाचं पाणी त्या नरसाळ्यात साचतं. बोटाएवढ्या जाडीच्या पडक्या फांद्यांवर रांगेने उगवते.

अर्लिएला स्कॅब्रोसा बऱ्याचदा खोडाला लिंपल्यासारखी पसरते आणि फक्त वरची कड बाहेर वळते. त्या कडेवर लालसर तपकिरी डाग आतून बाहेर पसरत जातो, टोकाला पांढरी किनार राहते. खालची छिद्रं एकसारखी नसतात, काही गोल, काही ओढून लांबवल्यासारखी.

हेक्सागोनिया पातळ पण चिवट, खाली पोळ्यासारखे कप्पे. एपिएरिया या जातीच्या नावातच मधमाशी आहे. तिच्या पाठीवर काळे राठ केस असतात, हात फिरवला तर न्हाव्याच्या ब्रशची आठवण येते. हेक्सागोनिया टेन्युइस ही तिची नाजूक बहीण, केस नाहीत आणि कप्पे बरेच लहान.

गॅनोडर्मा दोन रूपांत भेटते. एकीची पाठ लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकचकीत, तांबडी ते काळपट. दुसरीची पाठ मातकट, खडबडीत, चमक नसलेली, वर्षानुवर्षं वाढणारी, कधी सुपाएवढी.

फेलिनस आणि तिचे भाऊबंद घोड्याच्या खुरासारखे जाड, वरून काळपट आणि भेगाळलेले, आतून गंजाच्या रंगाचे. सुरीने कापता येत नाहीत, करवत लागते.

७. वर रंगीत पट्टे आहेत. ही इंटरनेटवरची 'टर्की टेल' ना?

असू शकते, पण आधी खाली बघा. पट्टे काढणाऱ्या अळंब्या डझनावारी आहेत. तळ गुळगुळीत असेल आणि भिंगातूनही छिद्र दिसत नसेल तर ती स्टेरियम. पात्या असतील तर बहुधा लेंझाइटिस. वरची बाजू तुळतुळीत असेल आणि छिद्रं भिंगाशिवाय दिसतच नसतील तर मायक्रोपोरस. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, म्हणजे खरी टर्की टेल, हिच्या पाठीवर मखमलीसारखी लव असते, आणि लव असलेले व लव झडलेले पट्टे आलटूनपालटून येतात. खाली मिलिमीटरला तीन ते पाच छिद्रं. या चारही गोष्टी जुळल्या तरी मी वहीत "ट्रॅमेटिस" एवढंच लिहितो. या गटात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती फार आहेत.

८. खाली पात्या आहेत, पण फळी चामड्यासारखी कडक आहे. मग ही छत्रीवाली अळंबी म्हणायची का?

नाही. लेंझाइटिसमध्ये छिद्रंच लांबत लांबत पात्यांसारखी झालेली असतात.

दुसरी शक्यता शिझोफायलम कम्युनीची. ही इतकी सर्वत्र असते की कुंपणाच्या खांबावरही सापडते. नखाएवढी, पांढरी, केसाळ पंख्यासारखी. तिची प्रत्येक पाती लांबीत दुभंगलेली असते. वाळली की पात्यांच्या दोन्ही कडा बाहेर वळतात, भिजली की पुन्हा मिटतात. फांदी घरी आणा, वाळू द्या, मग पाणी शिंपडून भिंगातून बघत बसा. मुलांना दाखवायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही. मणिपूरमध्ये हिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात. आपल्याकडे कोणी खाताना मी पाहिलेलं नाही.

९. काळे कोळशासारखे गोळे, जमिनीतून आलेली काळी बोटं, आणि कानासारखं लिबलिबीत काहीतरी... हेही याच गटातलं का?

तिन्ही वेगळे. कोळशाचा गोळा म्हणजे डाल्डिनिया. मधोमध कापा, आत कांद्यासारखी राखाडी-काळी वर्तुळं दिसतील, शंका उरणार नाही. बोटं म्हणजे झायलेरिया, ती जमिनीतून आल्यासारखी वाटली तरी खाली पुरलेलं लाकूड असतं. कान म्हणजे ऑरिक्युलेरिया. वाळल्यावर ती कडक होते आणि मग लोक तिला लाकडी समजतात, पण वाटीभर पाण्यात टाकली की थोड्या वेळात पुन्हा कान.

१०. अळंबीवर आणि खालच्या पानांवर कोको पावडर सांडल्यासारखी तपकिरी धूळ आहे. कीड लागली का?

ते गॅनोडर्माचे बीजाणू आहेत. खालच्या छिद्रांतून पडतात आणि हवेच्या मंद झोताने वर चढून फळीच्या पाठीवर बसतात. म्हणून गंमत अशी की चकचकीत गॅनोडर्माही कित्येकदा धुळकट दिसते. बोट फिरवा, खालून लाखेचा तांबडा रंग निघतो. हे एकदा बघितलं की पुढे दहा फुटांवरून ओळखता येतं.

अशी धूळ दिसत नसेल तर बीजाणूंचा ठसा घ्या. ताज्या फळीचा तुकडा तळ खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. कागद निम्मा पांढरा, निम्मा काळा घ्या, म्हणजे बीजाणू पांढरे असले तरी दिसतील. गॅनोडर्माचा ठसा तपकिरी. ट्रॅमेटिस, लेंझाइटिस, पिक्नोपोरस यांचा पांढरा.

बिनचमकीच्या गॅनोडर्माचा तळ ताजा असताना पांढरा असतो आणि नखाने ओरखडला की तिथे लगेच तपकिरी रेघ उमटते, ती पुसली जात नाही. थंड देशांत गॅनोडर्मा अप्लॅनॅटमच्या तळावर लोक चक्क चित्रं काढतात. आपल्याकडची बहुतेकदा ऑस्ट्राले गटातली असते, पण रेघ तिच्यावरही उमटते. त्या रेघेवरून जात ठरवू नका, गॅनोडर्मा एवढं नक्की.

११. झाड उभं असताना अळंबी आली की पडल्यावर, हे कळतं का?

कळतं, आणि माझ्या मते या सगळ्या छंदातली ही सर्वांत मजेची गोष्ट आहे.

छिद्रं म्हणजे उभ्या नळ्यांची तोंडं. बीजाणू नळीतून सरळ खाली पडला पाहिजे, भिंतीला चिकटला तर वाया गेला. म्हणून फळी कायम जमिनीला समांतर वाढते, तळ जमिनीकडे. झाड उभं असताना आलेली फळी खोडाशी काटकोन करते. झाड आडवं झालं की तीच फळी उभी राहते, शेल्फातल्या पुस्तकासारखी, आणि तिच्या नळ्या आडव्या होतात. एक-दोन महिन्यांत संपणारी जात असेल तर गोष्ट तिथेच थांबते. पण बहुवर्षायू गॅनोडर्मा किंवा फेलिनस जिवंत असेल तर ती पुन्हा जमीन शोधते.

ताम्हिणीच्या बाजूला पायवाटेवर ऐनाचं एक मोठं खोड आडवं पडलं होतं. त्यावर ताटलीएवढी गॅनोडर्मा, पूर्ण उभी. तिच्या खालच्या कडेतून नवा, पांढऱ्या किनारीचा ओठ फुटून बाहेर आला होता, जमिनीला बरोबर समांतर. जुना भाग आणि नवा भाग यांत सरळ काटकोन. म्हणजे झाड उभं असतानाच बुरशी आत होती, पडल्यावरही ती जगली आणि पडल्यानंतर निदान एक वाढ झाली, एवढं त्या एका फळीवर लिहिलेलं होतं. शेजारीच त्याच खोडावर पिक्नोपोरसच्या पंचवीस-तीस फळ्या, सगळ्या आडव्या. त्या पडल्यानंतरच्या.

अपवाद सांभाळा. ओंडका कोणी ढकलला असेल, रस्ता मोकळा करताना जेसीबीने सरकवला असेल, किंवा उतारावर घरंगळला असेल तर एकाच खोडावर तीन दिशांच्या फळ्या दिसतात. आणि लिंपल्यासारख्या पसरणाऱ्या जाती (प्रश्न ६ मधली अर्लिएला) खोडाच्या पोटाशी सपाट असतात, त्यांच्यावरून दिशा काढायला जाऊ नका.

१२. झाड कोणतं ते कळलं तर अळंबीचं नाव कळतं का?

मदत होते, पण थोडीच. बऱ्याच जाती कोणत्याही रुंदपानी लाकडावर येतात. झाडाच्या नावापेक्षा लाकूड कसं कुजलंय ते जास्त सांगून जातं. पांढरी कुज असेल तर लाकूड फिकं, मऊ, तंतुमय होतं, ओलं असताना काथ्यासारखं सोलून निघतं, कारण बुरशी लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निनही खाते. तपकिरी कुजीत बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते, म्हणून लाकूड गडद होऊन चौकोनी तुकड्यांत तडकतं आणि बोटांनी चुरता येतं. आपल्या जंगलात तुम्हाला दिसणाऱ्या बहुतेक लाकडी अळंब्या पांढऱ्या कुजीच्या. एकाच खोडावर दोन-तीन बुरश्या शेजारीशेजारी असल्या की त्यांच्या हद्दीवर लाकडात काळ्या रेघा दिसतात, नकाशातल्या सीमांसारख्या. त्या मात्र कापल्याशिवाय दिसत नाहीत.

तरी झाडाचं नाव लिहून ठेवाच. ओळखता आलं नाही तर सालीचा फोटो घ्या.

१३. आजी फणसोंबा उगाळून द्यायची. तो हाच का?

हो. फणसाच्या जुन्या खोडावर येणारी फेलिनस गटातली कडक अळंबी म्हणजे फणसोंबा. कोकणात तो सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावत, लाळ फार गळत असेल तर. जुलाबावरही देत. एकच जात नव्हे, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती या नावाखाली येतात. काष्ठौषधीच्या दुकानातला तुकडा कोणत्या झाडावरचा आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. मी हे परंपरा म्हणून सांगतोय, उपचार म्हणून नव्हे. बाळाला काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

१४. पोटॅशचा थेंब टाकून ओळखतात म्हणे. ते काय असतं?

कॉस्टिक पोटॅशचं पातळ द्रावण मांसावर टाकलं की फेलिनसच्या कुळातलं गंजरंगी मांस लगेच काळं पडतं आणि काळंच राहतं. चाचणी चांगली आहे, पण गॅनोडर्माचं तपकिरी मांसही गडद होतं, त्यामुळे एकट्या थेंबावर नाव ठरवता येत नाही. फिक्या मांसाच्या ट्रॅमेटिसपासून फेलिनस वेगळी करायला मात्र उत्तम. पोटॅश कातडी आणि डोळे जाळतं. मुलांसोबत फिरताना मी ते नेतच नाही.

१५. यातली कोणती खाता येते? आणि जंगलातली गॅनोडर्मा म्हणजेच ती महागडी 'रेशी' का?

चघळून पाहिलीत तर दात दुखतील, एवढंच उत्तर पुरेसं असायला हवं. तरी विचारलं जातं म्हणून: जंगलातून आणलेली कोणतीही लाकडी अळंबी काढा, चहा, पावडर करून घेऊ नका. रेशी, म्हणजे औषधी म्हणून विकली जाणारी गॅनोडर्मा, लागवड केलेली असते, आणि तुमच्या फळीची जात तीच आहे हे फोटोवरून कोणीही सांगू शकत नाही. का, ते प्रश्न १७ मध्ये.

१६. ॲपने 'फोमिस फोमेंटेरियस' सांगितलं, खात्री ९० टक्के. बरोबर आहे का?

आंबोलीत काढलेल्या फोटोला? नाही. ती थंड प्रदेशातली, बर्च आणि बीच या झाडांवर वाढणारी जात. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या, ओट्झीच्या, सामानात ती होती, आग पेटवण्यासाठी. तुमच्या फोटोतली बहुधा फेलिनस आहे, खुरासारखा आकार दोघींचाही. ॲपला युरोप-अमेरिकेतले फोटो भरपूर मिळालेले असतात, आपल्याकडचे कमी. त्यामुळे ती तिथलंच नाव पुढे करतात. ॲपने दिलेल्या नावातला पहिला शब्द सूचना म्हणून घ्या, दुसरा सोडून द्या, आणि ती जात भारतात या उंचीवर मिळते का ते तपासा.

१७. कॉलेजात 'गॅनोडर्मा ल्युसिडम' शिकवलं. आता ते नाव चूक म्हणतात. मग लिहायचं काय?

ल्युसिडम हे नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या नमुन्यावरून दिलं गेलं. पुढे जगात कुठेही लाखेसारखी चमकदार अळंबी दिसली की तिला तेच नाव चिकटवलं गेलं, भारतातही. डीएनए तपासायला लागल्यावर लक्षात आलं की ही एक जात नाहीच. चीनमधल्या औषधी जातीला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी हे स्वतंत्र नाव मिळालं. उष्ण आशियातल्या बऱ्याच नमुन्यांना आता मल्टिपिलियम म्हणतात. फेलिनसचंही तसंच, जुन्या मोठ्या गटाचे तुकडे होऊन फस्कोपोरिया, ट्रॉपिकोपोरस अशी नवी नावं आली आहेत. परीक्षेत सर सांगतील ते लिहा. वहीत "गॅनोडर्मा, चकचकीत गट" लिहा, ते उद्याही खोटं ठरणार नाही.

१८. सोसायटीतल्या उभ्या गुलमोहराच्या बुंध्याशी तांबडी चकचकीत अळंबी आली आहे. काढून टाकली तर झाड वाचेल का?

वाचणार नाही, आणि हा प्रश्न गंभीर आहे. बुंध्याशी गॅनोडर्मा दिसली याचा अर्थ मुळं आणि खोडाचा तळ आतून कुजलेला असण्याची दाट शक्यता आहे. वर पानं हिरवीगार, फुलं भरपूर, आणि जुलैच्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं, असं होतं. फळी तोडल्याने फक्त खूण नाहीशी होते. खाली गाड्या लावणं आणि मुलांचं खेळणं आधी थांबवा. मग महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागाला फोटोसह लेखी कळवा. स्वतःहून कुऱ्हाड चालवू नका, शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागते. एका सोसायटीत माझ्या सांगण्यावरून फांद्या उतरवल्या, तेव्हा बुंध्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी निघाली.

नारळाच्या बागायतदारांसाठी: माडाच्या बुंध्याशी हीच अळंबी फार उशिरा येते. त्याआधी खोडातून तपकिरी चिकट स्राव गळतो आणि झावळ्या लोंबतात. तंजावर मर म्हणतात तो हाच रोग. अळंबीची वाट बघू नका, कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या.

१९. घरी आणलेल्या नमुन्यांची पावडर झाली. काय चुकलं?

माझंही झालंय. दोन पावसाळ्यांचे नमुने बुटांच्या खोक्यांत भरून माळ्यावर ठेवले होते. दिवाळीच्या साफसफाईत खोकं उघडलं तर तळाशी भुसा, आणि टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी भुंगेरे आरामात फिरत होते. चिठ्ठ्याही कुरतडलेल्या. हे भुंगेरे अळंबीतच जन्मतात, तुम्ही ते जंगलातूनच घरी आणता.

आता असं करतो: कागदी पिशवीत आणायचं, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर पूर्ण वाळवायचं, उन्हाच्या भरवशावर नाही, कारण पावसाळ्यात ऊन असतंच कुठे. मग घट्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये. घरच्यांची परवानगी आधी काढा, माझ्याकडे आमरसाच्या डब्याशेजारी जागा मिळाली आहे.

२०. जंगलातून नमुना आणायला परवानगी लागते का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात काहीही उचलायला लागते, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात "एकच तर आहे" ही सवलत नाही. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, फणसाड, बोरिवलीचं उद्यान, सगळीकडे फक्त फोटो. राखीव वनातही वन विभागाला विचारूनच. शिकायला तेवढंच हवं असेल तर गावातला ओंडका, मालकाला विचारून, किंवा वखारीच्या मागचा ढीग बघा. माझ्या निम्म्या जाती वखारीमागेच सापडल्या.

२१. भीमाशंकरला रात्री चमकणारं लाकूड याच अळंब्यांमुळे का?

नाही. तो प्रकाश मायसिना गटातल्या बुरशीचा मानला जातो, ती मऊ आणि इवलीशी. लाकडी फळ्यांवर टॉर्च बंद करून बसलात तर फक्त डास चावतील.

२२. सगळं केलं: तळ पाहिला, छिद्रं मोजली, ठसा घेतला. तरी नाव मिळत नाही. पुढे?

पुढे सूक्ष्मदर्शक. गॅनोडर्माच्या बीजाणूला दुहेरी भिंत असते आणि एक टोक छाटल्यासारखं दिसतं. फेलिनसच्या कुळात छिद्रांच्या आत काट्यांसारख्या तपकिरी पेशी सापडतात, काही जातींत सापडत नाहीत, आणि तिथेच लोक अडकतात. त्याही पुढे डीएनए. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर बुरशी संग्रह आहे, संशोधक तिथले नमुने ताडून पाहतात. हौशी माणसाने मात्र गटापर्यंत पोचून थांबायला काहीच हरकत नाही. "बहुधा" लिहून जातीचं नाव ठोकून देऊ नका. पुढच्या वर्षी तुम्हीच ते "बहुधा" विसरता.

त्या ताम्हिणीच्या फळीची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: "गॅनोडर्मा, बिनचमक, जात ठरली नाही. ऐन, आडवं खोड, पांढरी कुज. तळ पांढरा, रेघ तपकिरी, मि.मी.ला ५ छिद्रं. जुनी वाढ उभी, नवी आडवी. नमुना घेतला नाही."